पवित्र शास्त्र समजून घेताना : द्राक्षमळ्यातील मजूर आणि आपण

देवाने मानवाशी मानवी भाषेत, मानवी लेखकांच्या द्वारे संवाद साधला, अशी ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. म्हणूनच पवित्र शास्त्राच्या प्रत्येक वाचकासमोर दोन प्रश्न उभे राहतात. त्या पवित्र लेखकाला त्याच्या काळी, त्याच्या श्रोत्यांना काय सांगायचे होते? आणि त्या शब्दांतून देव आज आपल्याला काय सांगू इच्छितो? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी घोषित केलेल्या 'देई व्हेर्बुम' या दस्तऐवजाच्या १२ व्या परिच्छेदात हाच क्रम घालून दिला आहे. पहिला प्रश्न टाळून थेट दुसऱ्याकडे धाव घेतली, तर आपण देवाचे म्हणणे ऐकत नाही. आपलेच म्हणणे देवाच्या तोंडी घालतो.

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील भाविकांना हा विषय विशेष जवळचा आहे. येथील अनेक ख्रिस्ती कुटुंबे रोजगारासाठी गाव सोडून आली. पाळ्यांमधील काम, कंत्राटी नोकरीची अनिश्चितता, अचानक होणारी कामगार कपात यांच्याशी त्यांचा रोजचा सामना आहे. अशा वेळी कोणीतरी मोबाइलवर एखादे वचन पाठवते आणि ते जणू आपल्यासाठीच लिहिले आहे असे वाटते. वचनाने धीर मिळावा हे योग्यच. परंतु तो धीर खरा असावा. दोन उदाहरणे पाहू.

वचन कोणाला उद्देशून आहे?

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९ व्या अध्यायाचे ११ वे वचन फार लोकप्रिय आहे. आपल्यासाठी देवाची योजना हिताची आहे, भविष्य व आशा देणारी आहे, असा त्याचा आशय. नोकरी गेलेल्या बांधवाला ते पाठवले जाते आणि 'लवकरच सारे ठीक होईल' असा त्याचा अर्थ लावला जातो. परंतु हे वचन एका पत्रात आहे. इसवी सनपूर्व ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या निर्वासितांना यिर्मयाने ते यरुशलेमहून पाठवले. याच्याच आधीच्या, २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की, दोन वर्षांत सर्व काही परत मिळेल. यिर्मया त्याला खोटा ठरवतो. ११ व्या वचनाच्या लगेच आधी, १० व्या वचनात, ७० वर्षांचा उल्लेख आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना आपली परतफेरी पाहायला मिळणार नव्हती.

तेव्हा 'लवकरच सारे ठीक होईल' हा या वचनाचा अर्थ नव्हे. तो तर हनन्याचा संदेश होय! यिर्मया लोकांना घरे बांधायला, बागा लावायला, मुलाबाळांची लग्ने करायला सांगतो. ज्या शहरात आपण परके आहोत, त्याच शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे, असेही तो सांगतो. पोटासाठी गाव सोडून या उद्योगनगरीत आलेल्या कुटुंबांना हा संदेश किती जवळचा वाटावा! संदर्भासह वाचल्यामुळे वचनातील आशा कमी होत नाही. ती एका व्यक्तीपुरती, एका महिन्यापुरती न राहता लोकसमूहाची आणि पिढ्यांची होते.

तो साहित्यप्रकार कोणता?

दुसरे उदाहरण मत्तयकृत शुभवर्तमानातील २० व्या अध्यायाचे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर लावतो. पुन्हा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला जातो. तास सूर्योदयापासून मोजले जात, म्हणजे ही वेळ अनुक्रमे सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि सायंकाळी ५ च्या सुमाराची. सायंकाळी सर्वांना एकेक दिनार, म्हणजे एका दिवसाची मजुरी मिळते. आपल्या शहरांतील मजूर अड्ड्यांवर दुपारपर्यंत डबा घेऊन ताटकळणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या दाखल्यातील चित्र समजावून सांगावे लागत नाही. आम्हांला कोणी कामावर लावले नाही, हे अकराव्या तासाच्या मजुरांचे उत्तर त्यांच्या ओळखीचे आहे.

मात्र ओळखीमुळेच चूक होण्याचाही संभव असतो. 'आपल्या पैशाचे मी वाटेल ते करीन' असे धनी म्हणतो, म्हणून मालकाने देईल ती मजुरी निमूटपणे घ्यावी, असा अर्थ कोणी काढील. उलटपक्षी, तासांचा हिशेब न करता सर्वांना समान वेतन द्यावे, असा नियम कोणी त्यातून बांधील. दोघेही एक गोष्ट विसरतात: हा वेतनाचा कायदा नाही, हा दाखला आहे. स्वर्गाचे राज्य कशासारखे आहे, हे सांगण्यासाठी येशूने तो सांगितला. १९ व्या अध्यायात पेत्र विचारतो की, सर्व सोडून तुमच्यामागे आलेल्या आम्हांला काय मिळणार? शेवटचे पहिले होतील, या आशयाचे वचन दाखल्याच्या आधीही येते आणि नंतरही. अर्थाची किल्ली तेथे आहे. देवाची कृपा ही आपली थकबाकी नव्हे. ती त्याची देणगी आहे.

मग मजुरीविषयी हा दाखला काहीच सांगत नाही काय? सांगतो, पण संपूर्ण शास्त्राच्या सोबतीने. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी आज्ञा अनुवाद २४:१४-१५ मध्ये आहे. लेवीय १९:१३ मध्येही तिचा आधार आहे. दाखल्यातील धनी ती पाळतो, आणि पहाटेच्या मजुरांना ठरलेली मजुरी पूर्ण देतो. त्याचे औदार्य न्यायाच्या पुढे जाते, न्यायाच्या आड येत नाही. दाबून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे याकोबाचे बोधपत्र (५:४) बजावते. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात स्पष्ट केले की, मजुराने नाइलाजाने होकार दिला म्हणून अपुरी मजुरी न्याय्य ठरत नाही. तेव्हा कामगाराला गप्प बसवण्यासाठी या दाखल्याचा वापर करणे म्हणजे शास्त्राचा विपर्यास होय.

शब्द आणि भाषांतर

याच दाखल्याच्या १५ व्या वचनात मूळ ग्रीक मजकुरात 'वाईट डोळा' असा शब्दप्रयोग आहे. शब्दशः वाचणाऱ्या मराठी वाचकाला दृष्ट लागण्याची आठवण होईल. यहुदी भाषाव्यवहारात मात्र त्याचा अर्थ हेवा किंवा कृपणपणा असा आहे. दुसऱ्याचे भले 'डोळ्यांत सलणे' हा आपला वाक्प्रचार त्याच्या जवळ जातो. म्हणून एखादे वचन अडले, तर दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचावीत.

ग्रंथाला विवरण लागते, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. चाकणपासून फार दूर नसलेल्या आळंदीत समाधी घेणाऱ्या ज्ञानदेवांची 'भावार्थदीपिका' हे गीतेवरील भाष्यच आहे. फादर थॉमस स्टीफन्स, येशूसंघी, यांनी तारणाचा इतिहास ओवीबद्ध करून सांगितला. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार लाभला.

ख्रिस्तसभेसोबत वाचन

शास्त्राचा जन्म श्रद्धावंतांच्या समुदायात झाला. त्याचे वाचनही त्याच समुदायात व्हावे. महान संत ग्रेगरी यांनी आपल्या प्रवचनात द्राक्षमळ्याचे पाच तास मानवी आयुष्याच्या अवस्थांना लावून दाखवले. उतारवयातही देवाचे बोलावणे येते, हा त्यातील दिलासा. १९९२ च्या 'कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथा'त शब्दार्थ आणि आध्यात्मिक अर्थ असे दोन भेद सांगितले असून, आध्यात्मिक अर्थाचा पाया शब्दार्थच आहे, असे म्हटले आहे. पोपच्या बायबल आयोगाने १९९३ मध्ये शब्दाला चिकटून संदर्भ नाकारणाऱ्या मूलतत्त्ववादी वाचनापासून सावध केले. रविवारची उपासनाही अर्थ लावायला मदत करते. हा दाखला 'अ' वर्षाच्या सामान्य काळातील २५ व्या रविवारी वाचला जातो आणि त्याच्यासोबत यशयाचा ५५ वा अध्याय येतो: देवाचे मार्ग आपल्या मार्गांसारखे नाहीत.

घरी वाचताना

रात्रपाळीहून आलेल्या भाविकाकडे अर्धा तास नसेल, दहा मिनिटे असतील. तेवढ्यातही पुढील क्रम पाळता येतो.

१. एकच वचन न वाचता त्याच्या आधीचा व नंतरचा भाग वाचावा.
२. हे पत्र, स्तोत्र, दाखला, इतिहास की संदेष्ट्याची वाणी, हे पाहावे.
३. ते प्रथम कोणाला सांगितले गेले, हे विचारावे.
४. तळटिपेतील इतर संदर्भ उघडून पाहावेत.
५. आपण काढलेला अर्थ प्रभू येशूच्या शिकवणीशी व ख्रिस्तसभेच्या श्रद्धेशी जुळतो का, हे तपासावे. शंका राहिल्यास धर्मगुरूंना किंवा धर्मशिक्षकांना विचारावे.
६. शेवटी मौन धरून प्रार्थना करावी आणि आज काय करायचे, हे ठरवावे.

पोप फ्रान्सिस यांनी ३० सप्टेंबर २०१९ रोजी सामान्य काळातील तिसरा रविवार 'देवशब्दाचा रविवार' म्हणून नेमून दिला. त्या दिवसाची वाट न पाहता आजच आपल्या कुटुंबात किंवा लहान ख्रिस्ती समूहात हा दाखला सावकाश वाचावा. कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि काम शोधणारा तरुण असे तिघे मिळून तो वाचतील, तर प्रत्येकाला तो वेगळ्या ठिकाणी बोचेल, आणि तिघांनाही तो एकाच उदार धन्याकडे नेईल.