फुटलेला नळ आणि आपोआप मिटणारी झडप : गडचिरोलीच्या स्लरीवाहिनीच्या निमित्ताने

प्रस्तावना

२२ जुलै २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील कोनसरी येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते लोहखनिजाच्या पेलेट प्रकल्पाचे व त्याला जोडलेल्या स्लरीवाहिनीचे उद्घाटन झाले. सुरजागड पहाडावरील खनिज एटापल्ली तालुक्यातील हेडरी येथे बारीक दळले जाते, त्यात पाणी मिसळले जाते आणि ही स्लरी सुमारे ८५ किलोमीटर लांबीच्या पोलादी नळातून चामोर्शी तालुक्यातील कोनसरीस पोहोचते. तत्पूर्वी हे खनिज ट्रकांतून जात असे. आलापल्ली-आष्टी रस्त्याची चाळण, धूळ आणि अपघात यांविषयी जिल्ह्यात जे लिहिले-बोलले गेले, ते या नियतकालिकाच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. नळाने तो भार हलका होण्याची सोय झाली. परंतु उलटलेल्या ट्रकमधून एका ट्रकचेच खनिज सांडते. फुटलेला नळ कोणी मिटेपर्यंत वाहत राहतो. तो कोणी, कोठे आणि किती वेळात मिटावयाचा, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत निबंधात पाहावयाचा आहे.

उघडण्याची परंपरा

आपल्या प्रदेशातील जुन्या जलव्यवस्थांकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांतील स्वयंचलित योजना प्रामुख्याने वाट मोकळी करून देण्यासाठी होत्या. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या पट्ट्यातील मालगुजारी तलावांचा सांडवा हे त्याचे साधे उदाहरण होय. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते माणसाच्या हाताची वाट न पाहता बाहेर पडते आणि पाळ वाचते. सतराव्या शतकात मलिक अंबरच्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहरीचे पाणी मातीच्या नळांतून खेळविले गेले. त्या व्यवस्थेतील उंच मनोऱ्यांमुळे नळातील दाब व कोंडलेली हवा मोकळी होत असे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यास आणलेल्या नळावरील उच्छ्वास याच जातीचे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ मध्ये खडकवासला येथे बसविलेली स्वयंचलित दारे पाणी चढताच उघडत व ओसरताच मिटत. तरी त्यांचाही मूळ हेतू धरणाला धोका न पोहोचवता अधिक पाणी साठविणे हाच होता. तलाव भरून वाहण्याचे भय त्या काळी मोठे होते. नळ फुटून रिकामा होण्याचे भय त्यामानाने लहान, कारण मातीचा नळ फुटला तर पाणी गळे, लोक ओरडत आणि कोणीतरी जाऊन बोळा घाली.

मिटण्याची गरज

दाब वाढला आणि चित्र पालटले. १९१५ मध्ये खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, तेव्हा सह्याद्रीवरून सुमारे ५२५ मीटर खाली उतरणाऱ्या नळांच्या पायथ्याशी वातावरणाच्या पन्नासपट दाब होता. अशा नळांच्या माथ्यावर, पाण्याचा वेग मर्यादेपलीकडे जाताच स्वतःहून मिटणारी झडप बसविण्याची पद्धत जलविद्युत क्षेत्रात जगभर रूढ झाली. पुढे तेल व वायूच्या लांब वाहिन्यांवर दाबाच्या घसरणीचा वेग ओळखणारी झडप आली. तिची रचना चतुर आहे. नळाला एक लहान टाकी बारीक छिद्राने जोडलेली असते. दाब हळूहळू उतरला तर टाकीतलाही तितकाच उतरतो आणि काही घडत नाही. नळ फुटून तो एकाएकी कोसळला तर टाकीतला दाब मागे राहतो आणि हा फरकच झडप मिटविणाऱ्या यंत्रणेचा खटका सोडतो. वीज वा माणूस नसला तरी चालते.

ती नसली तर काय होते, हे कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो येथे ९ सप्टेंबर २०१० रोजी दिसले. वायुवाहिनी फुटून ८ माणसे दगावली आणि हाताने फिरवावयाच्या झडपा मिटवून वायू थांबविण्यास सुमारे ९५ मिनिटे लागली. त्याच वर्षी जुलैत मिशिगन राज्यातील मार्शल येथे तेलवाहिनी फुटली. दाब पडल्याचे इशारे नियंत्रण कक्षात वाजत होते, परंतु नळात पोकळी झाली असावी या समजुतीने तेल दोनदा पुन्हा सोडण्यात आले. गळती १७ तासांनंतर कळली. म्हणजे दुरून मिटविण्याची सोय पुरेशी नाही, इशाऱ्याचा अर्थ लावणारे मनही तिच्या साखळीतील एक कडी असते. अमेरिकेने मोठ्या व्यासाच्या नव्या वाहिन्यांसाठी, फूट ओळखल्यापासून ३० मिनिटांत मिटणाऱ्या झडपांचा नियम केला तो २०२२ मध्ये, बारा वर्षांनी.

स्लरीचा स्वभाव

मग स्लरीवाहिनीवरही जागोजाग अशाच झडपा बसवाव्यात, असे कोणीही म्हणेल. येथेच खरी अडचण आहे. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून दाखविले की, वाहता प्रवाह एकाएकी अडविला तर दाबाची लाट उसळते. पोलादी नळात सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी क्षणात थांबले तर दाब सुमारे १० वातावरणांनी वाढतो. स्लरी पाण्याहून जड, म्हणून तिचा तडाखाही अधिक. घाईने मिटलेली झडप एक फूट थांबविताना दुसरी घडवू शकते. शिवाय थांबलेल्या स्लरीतील खनिजाचे कण तळाशी बसतात आणि उतारावर घसरून नळात बूच तयार होते. याच कारणाने अशा वाहिन्यांचा चढउतार आखणीतच मर्यादित ठेवतात. कणांनी झडपेच्या बैठकी झिजतात, हे वेगळेच.

झडप मिटल्यानंतरही दोन झडपांमधला ऐवज उतारावरून बाहेर येऊ शकतो. उदाहरणादाखल ४० सेंटिमीटर आतील व्यासाच्या नळाच्या १० किलोमीटरांत सुमारे १,२५० घनमीटर द्रव मावतो. ब्राझीलमधील ५२९ किलोमीटरांची मिनास-रिओ स्लरीवाहिनी मार्च २०१८ मध्ये सांतो अँतोनिओ दो ग्रामा येथे दोनदा फुटली, गावच्या पाण्याचा ओढा खनिजाने भरला आणि वाहिनी डिसेंबरपर्यंत बंद राहिली. आपल्या शेजारी, बैलाडिलाहून विशाखापट्टणमकडे जाणाऱ्या २६७ किलोमीटरांच्या वाहिनीची माओवाद्यांनी वारंवार मोडतोड केली. गडचिरोलीत अशा घातपाताची शक्यता पुष्कळ ओसरली असली, तरी झीज व गंज यांना शरणागती ठाऊक नसते.

म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते, झडप कोणत्या बनावटीची यापेक्षा ती कोठे आहे हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. नाल्याच्या कोणत्या काठावर, गावाच्या वरच्या अंगाला की खालच्या? दोन झडपांमधले सांडले तर कोणाच्या बांधीत उतरेल? याचे उत्तर नकाशापेक्षा गावाला अधिक नेमके ठाऊक असते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावे करताना या जिल्ह्यातील ग्रामसभांनी आपल्या जंगलाच्या सीमा नाले, टेकड्या व पायवाटांनिशी सांगितल्या आहेत. मेंढा-लेखा हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. वाहिनीच्या आखणीशेजारी ही माहिती ठेवून पाहण्यास फारसा खर्च येणार नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचे वृत्त आहे, आणि जिल्ह्यातील इतर नाल्यांवरही रस्ते असेच अडतात. सॅन ब्रुनोत डांबरी रस्त्यांच्या शहरात झडपेपर्यंत जाऊन वायू थांबविण्यास दीड तास लागला. आषाढात हातचक्र फिरवावयाची झडप पुरापलीकडे असेल, तर कामगार तेथे नाला उतरल्यानंतरच पोहोचेल.