मात्रेचा रोजनामा

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचण्यात आली, तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा मध्यप्रांताच्या दफ्तरी भंडारा जिल्ह्यातच सामावलेला होता. ज्याला आज टाइप वन म्हणतात तो असाध्य मधुमेह त्या औषधाने आटोक्यात येऊ लागला खरा. परंतु कोणत्या दिवशी किती मात्रा द्यावी, या प्रश्नाचा उलगडा होण्यास पुढे कित्येक दशके लागली, आणि त्या उलगड्याचा इतिहास मला मूळ शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

प्रारंभी ठरलेला आहार, ठरलेले युनिट आणि ठरलेली वेळ असा पक्का बंदोबस्त असे, कारण घरच्या घरी रक्त तपासण्याचे साधनच नव्हते. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब घालून ते उकळावे आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते पाहावे, एवढेच रुग्णाच्या हाती होते, आणि तो रंग काही तासांपूर्वीची हकिकत सांगे. साखर धोक्याच्या खाली उतरली, तर त्याचा पत्ताही त्यातून लागत नसे. १९४६ साली तयार झालेल्या एनपीएच या गढूळ, संथ गतीच्या इन्सुलिनने सुयांची संख्या घटवली; मात्र कुपी तळहातांत नीट घोळवली नाही, तर तेवढ्याच युनिटांचा गुण आज एक आणि उद्या दुसरा येई. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः याच व्याधीतून १९२३ साली इन्सुलिनमुळे वाचले होते, आणि शारीरिक श्रमाने इन्सुलिनचा प्रभाव वाढतो, हे १९२६ साली त्यांनीच दाखवून दिले.

गोंदियाच्या या धानाच्या मुलखात त्या निरीक्षणाचा अर्थ फार ठळक होतो. पऱ्हे उपटून बांधीच्या चिखलात दिवसभर ओणवे राहून रोवणी करणाऱ्या माणसाचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, काम थांबल्यावरही रात्री ओढीत राहतात, आणि म्हणून बसून काढलेल्या दिवसाला पुरेशी असलेली मात्रा त्या मध्यरात्री अधिक होऊन घाम, थरकाप आणि प्रसंगी बेशुद्धी आणते. तेंदूपत्ता तोडण्याच्या दिवसांत तापलेल्या त्वचेखालून औषध लवकर शोषले जाते. उलट ताप आला की, अन्न पोटात ठरत नसतानाही गरज बहुधा वाढते, आणि जेवण नाही म्हणून सुईही नको, हा समज जिवावर बेततो. मासिक पाळीपूर्वी अनेक स्त्रियांची गरज चढते. एकाच जागी वारंवार टोचून गाठ झाली असेल, तर शोषणाचा नेमच राहत नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या येथील तलावांचे पाणी जसे पाऊस आणि बांधीची ओल पाहून सोडावे लागते, तशीच ही मात्रा त्या त्या दिवसाकडे पाहून ठरवावी लागते. साखर वरखाली झाली म्हणजे रुग्णाने पथ्य मोडलेच असणार, असे मानणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे.

अमेरिका व कॅनडातील १४४१ रुग्णांच्या दीर्घ अभ्यासाने १९९३ साली सिद्ध केले की, साखर आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते. त्याच प्रयत्नात साखर गंभीरपणे उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढतात, हेही त्यात दिसले. अशा वेळी तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीवर विसंबून भागत नाही, आणि पूर्व विदर्भात, जेथे सिकलसेल पुष्कळ आढळतो, तेथे तर मुळीच नाही, कारण त्या आजारात तांबड्या पेशी अल्पायुषी झाल्याने तो आकडा खऱ्याहून कमी दिसू शकतो. येथील रुग्णाला सरकारी दवाखान्यातून इन्सुलिनच्या कुपीबरोबर ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही दरमहा मिळाल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.