'चालू' आणि 'बंद' : मोबाइलमधील मल्टिटास्किंगचा पूर्वेतिहास

मोबाइलवर एका ॲपमधून दुसऱ्यात गेले असता पहिले 'चालू' राहते की 'बंद' होते, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि ह्या दोन शब्दांच्या दरम्यान एक तिसरी अवस्था कशी निर्माण झाली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१९९६ साली आलेल्या पाम पायलट ह्या हातसंगणकात एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. दुसरा उघडताच पहिला संपे. मात्र नोंदी सुरक्षित राहत. तेथे 'बंद' म्हणजे बंदच होते. २००८ मध्ये ॲपलने आयफोन इतरांच्या ॲपना खुला केला, तेव्हाही हाच नियम होता. जून २०१० च्या आयओएस ४ ने तो बदलला. बाहेर पडलेले ॲप आता मेमरीत गोठून राहू लागले; संगीत, स्थाननिर्देश, इंटरनेटवरील संभाषण अशा मोजक्या कामांनाच पार्श्वभूमीत चालण्याची मुभा मिळाली. १२८ मेगाबाइट मेमरीच्या आयफोन ३जीला ही सोय नाकारण्यात आली, यावरून अडचणीचे एक मूळ ध्यानात येते. दुसरे मूळ अर्थातच बॅटरी.

२००८ मध्येच बाजारात आलेल्या अँड्रॉइडने निराळा मार्ग धरला. मागे पडलेले ॲप शक्य तोवर मेमरीत ठेवावयाचे, टंचाई होताच ते संपवावयाचे. परंतु तत्पूर्वी त्याला आपली स्थिती नोंदविण्याची संधी द्यावयाची. परतणाऱ्यास ते जसेच्या तसे दिसावे, हा हेतू.

पामच्याच वेबओएसमध्ये २००९ साली जी 'पत्ते' मांडल्यासारखी रचना आली, तीत प्रत्येक पत्ता हा प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम होता. २०१३ च्या आयओएस ७ मध्ये तसेच पत्ते दिसू लागले. पण पुष्कळदा ते केवळ शेवटच्या दृश्याचे चित्र असते. चित्र उरले म्हणून प्रोग्रॅम उरला असेलच असे नाही. यास्तव बॅटरी वाचविण्यासाठी पत्ते एकेक करून झटकून टाकण्याची रूढ सवय बहुधा निष्फळ ठरते.

अर्थात ह्या व्यवस्थेत एक जोखीम आहे. काय जिवंत ठेवावे, हा निर्णय वापरणाऱ्याच्या हातून प्रणालीकडे गेला. ॲप रचणाऱ्याने स्थिती नोंदविण्यात कुचराई केली, तर अर्धवट भरलेला अर्ज परतल्यावर कोरा आढळतो. आणि तोवर पडद्यावरचे चित्र तो भरलेलाच दाखवीत असते. मोबाइलच्या संदर्भात 'चालू' हा शब्द आता यंत्राची अवस्था सांगत नाही. 'परत आल्यास होते तेथूनच सुरू होईल' एवढेच आश्वासन देतो.