रुळांनी निवडलेली शहरे

युरोपच्या प्रवासाचे ठरले की घरात पहिला तंटा होतो तो नकाशावर. आईला लूर्डला जायचे असते, वडिलांना रोम आणि असिसी पाहायची असते, मुलांना पॅरिस आणि स्वित्झर्लंडचा बर्फ खुणावत असतो आणि व्हेनिस न पाहता परतणे म्हणजे पैसे पाण्यात, असे कोणीतरी शेजारी बजावून गेलेला असतो. हाताशी दिवस बारा, फार तर चौदा. तिकडे आगगाड्यांचे जाळे इतके दाट की कागदावर सारेच जमून जाते. मग सात-आठ शहरांची यादी होते, आणि परतल्यावर ध्यानात राहतात ते फलाट, जिने आणि ओढत नेलेल्या बॅगा. भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून, आयुष्यात बहुधा एकदाच घडणाऱ्या प्रवासाचे असे व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे.

ही यादी आपण स्वतःच्या आवडीने केली अशी आपली समजूत असते. परंतु युरोपातील प्रवासाचा इतिहास चाळला तर दिसते, की आपण बोट ठेवण्यापूर्वीच बरीचशी निवड होऊन गेलेली असते. कधी ती सणांच्या पंचांगाने केली, कधी डोंगरांनी, कधी रेल्वे कंपन्यांच्या करारमदारांनी, तर कधी बोगदा खणणाऱ्या मजुरांनी. ती कशी झाली हे ठाऊक असेल तर आपल्या हाती उरलेली थोडी निवड तरी डोळसपणे करता येईल. त्यासाठीच हा मागोवा.

आगगाडीच्या दोनशे वर्षे आधीपासून आरंभ करू. सतराव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंत घराण्यांतले तरुण शिक्षण पुरे झाले की शिक्षकाला बरोबर घेऊन पॅरिसमार्गे इटलीला जात. या प्रवासाला ‘ग्रँड टूर’ म्हणत. हा शब्द इंग्रजीत प्रथम छापला गेला तो रिचर्ड लॅसेल्स यांच्या ‘द व्हॉयेज ऑफ इटली’ या ग्रंथात, असे मानतात. लॅसेल्स हे कॅथलिक धर्मगुरू. अशा तरुणांचे शिक्षक म्हणून त्यांनी पाच वेळा इटलीचा प्रवास केला होता. त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १६७० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला.

त्या काळी आल्प्स ओलांडणे ही सहज गोष्ट नव्हती. माँ सेनीच्या घाटाच्या पायथ्याशी घोडागाडीचे सुटे भाग करून ते खेचरांवर लादत आणि प्रवाशाला खुर्चीत बसवून हमाल खांद्यावरून पलीकडे नेत. इतक्या कष्टाने इटलीत पोचलेला माणूस एका शहरात दोन रात्री काढून पुढे पळत नसे. तो महिनोन् महिने राहत असे. आणि कोठे केव्हा राहायचे, हे बहुतांशी ख्रिस्तसभेच्या पंचांगावरून ठरे. उपवासकाळापूर्वीचा कार्निव्हल व्हेनिसला पाहावा, पवित्र आठवड्यात रोमला असावे आणि प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला पुन्हा व्हेनिसला यावे. कारण त्या दिवशी तेथील राज्यप्रमुख समुद्रात अंगठी टाकून नगराचा सागराशी विवाह लावीत असे. प्रवासी प्रॉटेस्टंट असला तरी त्याचा क्रम साधारण असाच असे. शहराची गाठ एखाद्या दिवसाशी बांधलेली असे, आणि त्या दिवसाची वाट पाहणे हाही प्रवासाचाच भाग होता.

आगगाडी आली आणि हे पंचांग मागे पडून वेळापत्रक पुढे आले. हा बदल ज्याच्या हातून घडला तो थॉमस कुक मूळचा लाकूडकाम करणारा कारागीर, बाप्टिस्ट उपदेशक आणि दारूबंदीचा कट्टर प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी लेस्टर ते लफबरो अशी खास गाडी ठरवून त्याने सुमारे पाचशे लोकांना दारूबंदीच्या मेळाव्याला नेले. भाडे माणशी एक शिलिंग. पुढे १८५५ मध्ये पॅरिसला मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा आपली माणसे तेथे न्यावीत असे त्याच्या मनात आले. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावून तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

पॅरिसचा सरळ रस्ता म्हणजे इंग्लिश खाडी ओलांडून कॅले. पण त्या मार्गावरच्या कंपन्या कुकला सवलत देईनात. सवलत मिळाली ती पूर्व किनाऱ्यावरील हारविच बंदरातून अँटवर्पला जाणाऱ्या मार्गावर. मग त्याने आपल्या मंडळींना अँटवर्प, ब्रुसेल्स, कोलोन, ऱ्हाईन नदी, हायडेलबर्ग, स्ट्रासबर्ग असा भला मोठा वळसा घालून पॅरिसला नेले. या सहलीतली निम्मीअधिक शहरे केवळ कंपन्यांच्या नकारामुळे यादीत शिरली! ब्रुसेल्स, कोलोन, ऱ्हाईनमधून नौकाविहार आणि मग पॅरिस, हा क्रम आजच्या सहलींच्या जाहिरातींतही आढळतो. सोय म्हणून निघालेली वाट लवकरच परंपरा होऊन बसते.

१८६३ मध्ये कुकने स्वित्झर्लंडची पहिली सहल काढली. तिच्यात जेमायमा मॉरेल नावाची एक इंग्रज युवती होती. तिने लिहिलेली रोजनिशी पुढे हरवली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधील बाँबहल्ल्यात पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात ती सापडली आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९६३ मध्ये, छापली गेली. आगगाडी त्यांना जिनिव्हापर्यंत घेऊन गेली. पुढचा डोंगराळ प्रवास घोडागाडीने, खेचरावरून आणि पुष्कळसा पायी झाला. तीन आठवड्यांत शामोनी, लॉयकरबाडवरचा गेमी घाट, इंटरलाकेन, लुसर्न आणि रिगीचे शिखर त्यांनी पाहिले. आज पर्यटक ज्याला ‘स्वित्झर्लंड’ म्हणून ओळखतात त्यातला बराचसा भाग या यादीत आलेला आहे.

यानंतरची निवड बोगद्यांनी केली. माँ सेनीच्या डोंगराखालचा बोगदा १८५७ मध्ये खणावयास घेतला आणि १८७१ मध्ये तो खुला झाला. सुमारे तेरा किलोमीटरच्या या बोगद्याने तुरीन हे फ्रान्समधून इटलीत शिरण्याचे द्वार झाले. मुंबईचाही याच्याशी संबंध आहे. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर हिंदुस्थानची डाक लंडनहून आगगाडीने इटलीच्या टाचेवरील ब्रिंडिसी बंदरापर्यंत येऊ लागली आणि तेथून आगबोटीने पूर्वेकडे निघू लागली. त्यामुळे मुंबईहून निघालेल्या कितीतरी प्रवाशांनी युरोपात पहिले पाऊल टाकले ते ब्रिंडिसीच्या धक्क्यावर. आज हे शहर आपल्या कोणाच्याही यादीत नसते. याच काळातील दुसरे उदाहरण स्वामी विवेकानंदांचे. डिसेंबर १८९६ मध्ये लंडनहून स्वदेशी परतताना ते आगगाडीने मिलान, पिसा, फ्लॉरेन्स करीत रोमला आले, नाताळ त्यांनी तेथे पाहिला आणि नेपल्सला बोट धरली. शहरे रुळांनी जोडलेली होती. पण रोमला नाताळात असणे, हा जुन्या पंचांगाचा धागा तेथे टिकून होता.

सेंट गॉटहार्डचा पंधरा किलोमीटरचा बोगदा १८८२ मध्ये पुरा झाला आणि लुसर्न-मिलान ही जोडी जमली. या बोगद्याने सुमारे दोनशे मजुरांचे बळी घेतले. त्यांत बहुतेक इटालियन होते. किती जण आतल्या दूषित पाण्याने व जंतांच्या रोगाने पुढे खंगून गेले, ते वेगळेच. १८७५ मध्ये मजुरांनी संप केला तेव्हा गोळीबारात चार जण ठार झाले. कंत्राटदार लुई फाव्र हाही १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून मरण पावला. आल्प्स ‘दोन-तीन तासांत’ ओलांडताना या माणसांची आठवण ठेवणे आपल्याला अशक्य नाही.

या मार्गावर वासेन नावाचे खेडे आहे. चढ हळूहळू जिंकावा म्हणून रूळ डोंगराच्या पोटात वेटोळे घेत वर जातात. त्यामुळे खेड्यातले पांढरे चर्च गाडीतून तीनदा दिसते. प्रथम ते उंचावर असते, मग समोर येते आणि शेवटी खाली राहते. २०१६ मध्ये डोंगराच्या मुळाशी सत्तावन्न किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला आणि वेगवान गाड्या त्यातून जाऊ लागल्या. त्यांतील प्रवाशाला वासेन दिसत नाही. जुन्या घाटमार्गावर सावकाश गाड्या अजून धावतात. ज्याला ते चर्च पाहायचे असेल त्याने मुद्दाम त्यांचे तिकीट काढावे लागते.

व्हेनिसचेही असेच झाले. १८४६ मध्ये खाडीवर साडेतीन किलोमीटरहून लांब रेल्वेपूल बांधला गेला. तोवर नावेतून हळूहळू जवळ येणारे शहर आता फलाटाच्या पायरीशी आले. इंग्रज लेखक जॉन रस्किन या पुलावर अतिशय नाराज होता. त्याचे सारे म्हणणे मानण्याचे कारण नाही. गरीब प्रवाशाला व्हेनिस दिसले ते या पुलामुळेच. पण सकाळी येऊन संध्याकाळी परत जाण्याचे शहर म्हणून व्हेनिसचे नवे आयुष्य सुरू झाले तेही येथूनच.

रोमची कथा याहून बोधक आहे. पोप सोळावे ग्रेगरी यांनी आपल्या राज्यात आगगाडी येऊ दिली नाही. १८४६ मध्ये त्यांच्यामागून आलेले पोप नववे पायस यांनी धोरण बदलले. १८५६ मध्ये रोम ते फ्रास्काती आणि १८५९ मध्ये रोम ते चिविताव्हेक्किया बंदर हे मार्ग सुरू झाले. पोपमहोदयांसाठी बांधलेले डबे आज रोममधील एका संग्रहालयात पाहावयास मिळतात. पुढे १८७५ मध्ये फ्लॉरेन्स-रोम हा जवळचा मार्ग अरेत्सो, कियुसी, ओरव्हिएतो असा पुरा झाला. सिएना बाजूला राहिले. संत कॅथरिनचे हे नगर आजही मुख्य मार्गावर नाही. मुख्य मार्ग सोडून तेथे जावे लागते.

ओरव्हिएतोचे दैव तेव्हा उजळले, पण तेही पुढे मावळले. फ्लॉरेन्स-रोम असा नवा वेगवान मार्ग १९७७ ते १९९२ या काळात टप्प्याटप्प्याने बांधला गेला आणि मोठ्या गाड्या ओरव्हिएतोला न थांबता दीड तासात रोम गाठू लागल्या. बोल्सेना येथील चमत्काराशी निगडित पवित्र वस्त्र याच शहराच्या कथीड्रलमध्ये ठेवलेले आहे, आणि येथूनच १२६४ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण सर्व ख्रिस्तसभेसाठी जाहीर केला. आपल्या धर्मग्रामात दरवर्षी त्या सणाची मिरवणूक निघते. पण रोमला जाणारे आपण, तो सण जेथून निघाला त्या टेकडीजवळून ताशी दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने निघून जातो. आपण तिला नाकारले असे नाही. गाडी थांबली नाही, एवढेच.

याउलट, श्रद्धेने रुळांना महत्त्व दिल्याचे उदाहरण लूर्डचे. १८५८ मध्ये बर्नादेतला दर्शने घडली आणि १८६६ मध्ये तेथे आगगाडी पोचली. १८७३ पासून फ्रान्सची राष्ट्रीय यात्रा सुरू झाली आणि आजाऱ्यांना घेऊन येणाऱ्या खास गाड्यांमुळे पायरेनीजच्या पायथ्याचे हे लहानसे गाव मोठे तीर्थस्थान बनले. पण एक ध्यानात घ्यावे : लूर्ड नकाशाच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. पॅरिसहून जाऊन-येऊन बराच वेळ प्रवासातच जातो. ज्याला लूर्ड हवे त्याने दुसरे काहीतरी सोडावेच लागते.

सोडण्याची ही सवय मोडली ती पासांनी. युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी ‘युरेल पास’ १९५९ मध्ये निघाला. तेव्हा तो तेरा देशांत चाले. १९७२ मध्ये एकवीस वर्षांखालील युरोपीय तरुणांसाठी ‘इंटररेल’ आला. एकदा पैसे भरले की पुढचे प्रत्येक शहर फुकट भासू लागते आणि फुकटची गोष्ट सोडवत नाही. वास्तविक फ्रान्स व इटलीतील वेगवान गाड्यांत पास असूनही आसनाचे आरक्षण वेगळे करावे लागते. आपल्यासारख्यांना तर शेंगेन व्हिसासाठी कोठे किती रात्री राहणार हे आधीच लिहून द्यावे लागते, आणि जेथे मुक्काम सर्वांत अधिक त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. एका अर्थी हा अर्जच आपल्याला विचारतो, की तुम्ही नेमके कोठे चालला आहात? त्याचे उत्तर घरात बसून, सर्वांनी मिळून, द्यावे हे बरे.

या उत्तराचा एक नमुना सांगून थांबतो. १९२९ च्या लॅटरन करारानंतर व्हॅटिकनला स्वतःचे छोटे रेल्वेस्थानक मिळाले. पण तेथून आगगाडीने प्रवास करणारे पहिले पोप म्हणजे तेविसावे जॉन. दिवस होता ४ ऑक्टोबर १९६२, संत फ्रान्सिसचा सण. दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू व्हायला एक आठवडा उरला होता. परिषदेसाठी प्रार्थना करावी म्हणून ऐंशी वर्षांचे हे वृद्ध गृहस्थ निघाले. इटलीचे सारे लोहमार्ग त्यांच्यासाठी मोकळे होते. त्यांनी दोनच ठिकाणे निवडली : लोरेतो आणि असिसी. वाटेतल्या स्थानकांवर लोक गर्दी करून उभे होते. लोरेतोला पवित्र मातेच्या घरी आणि असिसीला संत फ्रान्सिसच्या कबरीपाशी त्यांनी प्रार्थना केली, आणि त्याच रात्री ते परतले.

असिसीचे स्थानक आजही डोंगराखालच्या मैदानात आहे. गाव वर, चारेक किलोमीटरवर. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वर जाऊन येता येते; पुष्कळ जण तसेच करतात. पण यादीतले एखादे शहर खोडले, तर तेथे एक रात्र राहता येते. संध्याकाळी सहलींच्या बसगाड्या निघून गेल्यावर आईवडिलांना त्या दगडी गल्ल्यांतून सावकाश चालवत कबरीपर्यंत नेता येते. नकाशावरचा तंटा मिटवताना कोणते शहर खोडायचे, हे ज्याच्या-त्याच्या घराने ठरवावे. मात्र खोडायला पेन्सिल हाती घ्यावी.