एकलहऱ्याचा जखमी, देवळालीचा डॉक्टर

साल १९१६. जानेवारीतली पहाट. देवळाली स्टेशनच्या फलाटावर तुम्ही उभे आहात आणि नाशिकची थंडी कोटातून आत शिरते आहे. खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून तुम्ही लढाईपुरतं इंडियन मेडिकल सर्व्हिसचं कमिशन घेतलं आहे. या सर्व्हिसच्या परीक्षेची दारं हिंदी तरुणांना १८५५ पासून उघडी आहेत. लढणाऱ्या पलटणींत मात्र हिंदी माणसाला राजाचं कमिशन अजून जवळजवळ मिळतच नाही. म्हणून तुमच्याकडे बघून शिपायाचा हात सलामाला जातो, आणि गोऱ्या अधिकाऱ्याची नजर किंचित थबकते.

कसारा घाट चढून गाडी येते. डबे उघडतात आणि आधी वास येतो, मग माणसं दिसतात. हे मेसोपोटेमियाचे जखमी. बगदादच्या वाटेवर सलमान पाक इथे नोव्हेंबरात तुर्कांशी लढाई झाली. जनरल टाउनशेंडच्या फौजेचे सुमारे ४,६०० लोक मेले किंवा जखमी झाले. ही फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी आहेत.

तुमच्या वॉर्डातला एक शिपाई ११० मराठाचा, गाव एकलहरे. इथून काही कोसांवर, गोदावरीच्या काठी. मांडीचं हाड मोडलेलं, पाठीला खोल जखमा. या जखमा गोळीच्या नाहीत, हे तुम्हाला लगेच कळतं.

"हे कशानं झालं?"

"बोटीवर पडून पडून, सायेब. कूस बदलायला जागा न्हवती."

तो थांबत थांबत सांगतो. आधी खेचरांच्या बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून हाडं खिळखिळी करत नदीकाठापर्यंत. मग नदीतल्या बोटीच्या उघड्या डेकवर बसऱ्यापर्यंत, खाली अंथरूण नाही, हगवण लागलेल्याला उठवायला कुणी नाही. धाकटा भाऊ त्याच पलटणीत होता. तो धडधाकट, म्हणून फौजेबरोबर नदीकाठच्या कूट गावीच राहिला. आता कूटला तुर्कांचा वेढा आहे.

रात्री कंदिलाजवळ तुम्ही केस-पेपर घेऊन बसता. पाठीच्या जखमा कशामुळे झाल्या, हे लिहायचं का? वरिष्ठांनी सुचवलं आहे की वाहतुकीच्या गोष्टी कागदावर नकोत.

तुमच्या ट्रंकेत पांढरा एप्रन घडी घालून ठेवला आहे. तुम्ही फ्रीमेसन या बंधुसंघाचे सभासद आहात. मुंबईच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता एका मेजावर असतात, गुण्या आणि कंपास ही खूण असते आणि पारशी व्यापारी, इंग्रज जज्ज, मराठी डॉक्टर एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात. हे दार हिंदी माणसांना उघडून देणाराही लष्करी डॉक्टरच होता, जेम्स बर्न्स. त्याचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, २ नोव्हेंबर १८४१ रोजी काबूलमध्ये जमावानं मारले. सूड डोक्यात घेऊन बसायला तेवढं कारण पुरेसं होतं. पण बर्न्सनं दोन वर्षांनी, १८४३ साली, मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज उभी केली, ती हिंदी लोकांना सभासद करून घेण्यासाठी.

लॉजमध्ये सगळे समान. इथे मात्र गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे, हिंदी शिपायांचे वेगळे, आणि सामानातही भेद. मग त्या एप्रनला अर्थ काय? तुम्ही दौतीत टाक बुडवता आणि लिहिता: जखमांचं कारण, बोटीवर उपचाराविना काढलेले दिवस.

तुम्ही एकटे नाही. तिकडे बसऱ्याला 'वरेला' या इस्पितळ-जहाजावरच्या मेजर मार्कहॅम कार्टर यांनी डिसेंबरात 'मेजिदिया' बोट येताना पाहिली. कडेनं दोर लोंबताहेत असं त्यांना वाटलं. बोट जवळ आली तेव्हा कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. मोडलेल्या मांडीला आधार म्हणून दारूच्या खोक्याच्या फळ्या बांधल्या होत्या. कार्टरनी हे सारं लेखी कळवलं. बक्षीस म्हणून अटकेची धमकी मिळाली. ते मागे हटले नाहीत.

२९ एप्रिलला कूट पडतं. सुमारे १३,००० माणसं कैद होतात. मे महिन्यात तुम्ही घोड्यावरून एकलहऱ्याला जाता. म्हातारी ओट्यावर येते.

"थोरला बरा होतोय, मावशी. काठी घेऊन चालेल."

"आन् धाकला?"

तुर्कांच्या कैदेत असेल, एवढंच तुम्ही सांगू शकता. वेढ्यात भाजीपाला संपला आणि हिंदी शिपायांना स्कर्व्हीनं गाठलं, शेवटी घोड्याच्या मांसावर वेळ आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ते सांगत नाही. धीर देताना खोटं बोलायचं नाही, एवढं पथ्य तुम्ही पाळता. कैद्यांना वाळवंटातून रेल्वेच्या कामावर हाकलत नेलं गेलं. त्यांतले हजारो परतले नाहीत.

जून १९१७. मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल छापून येतो. कार्टर खरे ठरतात. पुढच्याच महिन्यात भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन राजीनामा देतात. ही हलाखी जगाला कळली ती तोफांमुळे नव्हे, डॉक्टरांच्या कागदांमुळे.

आज एकलहरे म्हटलं की औष्णिक वीज केंद्र आठवतं. पण या मुलखातून समुद्रापार गेलेल्यांची गोष्ट अजून पुरी सांगून झालेली नाही. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिश शिपायांची नावं तिथे कोरली. हिंदी साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा लिहिला. रणांगणावरचा भेद दगडावरही राहिला. तुमच्या घरात पणजोबांचं मेडल, पेन्शनचा कागद, छावणीतून आलेलं एखादं पत्र असेल, तर ते बाहेर काढा. त्या माणसाचं नाव, गाव, पलटण लिहून ठेवा आणि गावच्या शाळेला, वाचनालयाला एक प्रत द्या. आकड्यांना नावं परत देण्याचं काम आता आपलंच आहे.