नाणेघाटाचा वारा

पौष सरत आला म्हणजे कल्याणच्या आगारातून मुरबाडकडे सुटणाऱ्या पहाटेच्या एस.टी. गाड्यांत पाठीवर पिशव्या बांधलेली ठाण्या-डोंबिवलीची तरुण मंडळी दिसू लागतात. टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्यापुढे ती उतरतात आणि नाणेघाटाची वाट धरतात. त्यांपैकी बहुतेकांस ही हिवाळ्यातील एक आनंदाची चढण वाटते. परंतु ज्या कल्याणातून ती निघालेली असतात, त्या कल्याणचे प्राचीन वैभव याच चढणीने पोसले होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकाच्या ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि राजकीय कलहामुळे तेथील व्यापार कसा अडविला गेला होता, हेही त्यात नमूद आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे व्यापारी आढळतात. खाडीत उतरलेला माल जुन्नरास आणि तेथून पैठणास न्यावयाचा, तर सह्याद्रीची भिंत ओलांडणे प्राप्त होते. त्यासाठी डोंगराच्या एका अरुंद खिंडीत कातळ फोडून, पायऱ्या खोदून ही वाट सिद्ध करण्यात आली. पावसाळ्यात निसरडी आणि ओढ्यांनी अडविलेली ही वाट खरी वाहती होई ती वर्षा ओसरल्यावर, म्हणून हिवाळा हा लमाणांच्या तांड्यांचा हंगाम. कोकणचे मीठ आणि तांदूळ बैलांच्या पाठीवरून वर जाई, देशावरचे धान्य खाली येई.

या हंगामाचा वैरी एकच, तो म्हणजे वारा. रात्री देशावरची थंड, जड हवा खिंडीतून कोकणाकडे उतरते. उन्हे तापली म्हणजे कोकणची हवा उलट वर चढू लागते. आणि दोन्ही वेळा कातळाच्या चिंचोळ्या तोंडात तिचा वेग असा वाढतो की, उभ्या माणसाने हात टेकावा. गेल्या माघात मी चढलो, तेव्हा शेजारच्या जीवधन किल्ल्याच्या माथ्यावरून अकस्मात मळभ उतरले, समोरचा ‘नानाचा अंगठा’ हा कडा पाहता पाहता दिसेनासा झाला, आणि अवकाळी पावसाचे टपोरे थेंब वाऱ्याबरोबर आडवे येऊ लागले. अशा वेळी पाय आपोआप जेथे वळतात, तेथेच ते प्रसिद्ध लेणे आहे.

त्या चौकोनी दालनाच्या तीन बाजूंस बसण्याचे ओटे आहेत, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राज्ञी नागनिकेचा प्राकृत लेख आहे. अश्वमेधादी यज्ञ, त्यांत दिलेल्या सहस्रावधी गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी यांची त्यात नोंद असून, त्यातील अंकचिन्हे भारतातील अतिप्राचीन अंकांत गणली जातात. मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार आणि एक ‘महारठि’ यांच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी शिल्लक आहेत. १८२८ मध्ये साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्याचे वाचन केले.

राजवंशाने आपली यशोगाथा राजधानीच्या प्रासादावर न कोरता, दमलेला पांथस्थ जेथे वाऱ्यापासून आसरा घेतो त्या भिंतीवर कोरली, यातच मला त्या काळच्या राज्यकारभाराचे मर्म दिसते. खिंडीच्या माथ्याशी जकातीचा म्हणून दाखविला जाणारा अखंड दगडी रांजण आहे, शेजारी जीवधनाचा पहारा आहे. म्हणजे सत्तेने जकात घेतली, बंदोबस्त ठेवला, आणि त्याच्या मोबदल्यात वाट व निवारा दिला. पुढे अनेक अमदान्या पालटल्या, सुभे आणि परगणे बदलले. परंतु वाट चालू राहिली.

तिचा अंत तलवारीने नव्हे, रुळांनी केला. १८५४ मध्ये कल्याणास आगगाडी आली, १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट लोहमार्गाने खुला झाला, आणि बैलांच्या पाठीवरचा माल डब्यांत चढला.

पाऊस थांबेपर्यंत मी त्या ओट्यावर बसलो होतो, आणि शेजारी डोंबिवलीची चार मुले ओल्या अंगाने भाकरी सोडून बसली होती. मालाची वाट बंद होऊन दीड शतक उलटले. पण निवारा अद्याप आपले काम करीत आहे.