बीजाणुजनन, जीवाणूंतील : जनुक नियमन

पोषण तुटल्यावर जीवाणुकोशिकेचे सुप्त, टणक बीजाणूत रूपांतर घडविणारी क्रमबद्ध जनुकनियंत्रण यंत्रणा. बॅसिलस सटिलिस या मातीतील जीवाणूत तिचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. त्याच्या बीजाणूंचे वर्णन फेर्डिनांट कोन यांनी १८७६ मध्ये केले.

पोषकद्रव्ये संपू लागताच फॉस्फेट गट कायनेजांकडून स्पो०एफ व स्पो०बी या प्रथिनांमार्फत स्पो०ए या नियामक प्रथिनाकडे जातो. मग कोशिका असमान विभागते : लहान भाग पूर्वबीजाणू, मोठा मातृकोशिका. दोहोंतील जीनोम एकच असतो. व्यक्त होणारी जनुके मात्र वेगळी, कारण आरएनए पॉलिमरेजला जोडले जाणारे सिग्मा घटक भिन्न असतात [⟶ प्रतिलेखन]. पूर्वबीजाणूत सिग्मा-एफ, त्यानंतर मातृकोशिकेत सिग्मा-ई, पुन्हा पूर्वबीजाणूत सिग्मा-जी व शेवटी मातृकोशिकेत सिग्मा-के, असा क्रम असून पहिल्यानंतरच्या प्रत्येक टप्प्याला दुसऱ्या कप्प्याकडून संकेत लागतो. विशेष लक्षणीय बाब म्हणजे सिग्मा-केचे जनुक खंडित असते आणि मधला सु. ४८,००० बेसजोड्यांचा तुकडा फक्त मातृकोशिकेत कापला जातो. ती पुढे नष्ट होत असल्याने हा बदल पुढील पिढीत उतरत नाही.

धनुर्वात व सांसर्गिक काळपुळीचे जीवाणू बीजाणुरूपात दीर्घकाळ टिकतात. म्हणून शस्त्रक्रियेची उपकरणे १२१° से. तापमानाच्या दाबयुक्त वाफेत ठेवतात [⟶ निर्जंतुकीकरण].